मासळीच्या हॉटेलातली वाइन लिस्ट कशी वाचायची

वाइन लिस्ट हातात आली की ती आधी पालथी करून टेबलावर ठेवा आणि जेवणाचं मेनूकार्ड उघडा. वाइनमधलं काहीच कळत नसेल तरी हे जमतं, आणि पुष्कळ कळत असेल तरी हेच करावं लागतं. नुसत्या लिस्टकडे बघून ती चांगली की वाईट हे सांगता येत नाही. ती कुठल्या स्वयंपाकघरासाठी लिहिली आहे हे समजलं, की मगच तिची पारख होते.

मी ज्या हॉटेलांबद्दल लिहिते आहे ती थाटामाटाची नाहीत. कागदी रुमाल, फळ्यावर खडूने लिहिलेली त्या दिवशीची मासळी, हाताने सोलून खायची कोळंबी आणि एका पाठपोट कागदावर मावणाऱ्या पंधरा-वीस वाइन. वाइनसाठी वेगळा माणूस ठेवणं अशा जागेला परवडत नाही. लिस्ट मालकाने स्वतः केलेली असते, नाहीतर वाइन पुरवणाऱ्या व्यापाऱ्याने करून दिलेली असते. या दोन्हींपैकी आपल्यासमोर कोणती आली आहे, हे ओळखणं हीच खरी पारख. मालकाने आपल्याच ताटाबरोबर चाखून निवडलेल्या आठ वाइन या गोदामातून एकगठ्ठा आलेल्या चाळीस वाइनपेक्षा केव्हाही चांगल्या, असं माझं ठाम मत आहे.

मेनूकार्डात पदार्थांच्या नावांपेक्षा शिजवण्याची पद्धत बघायची. कच्ची कालवं आहेत का? तळणीचे पदार्थ किती? लोणी आणि क्रीम कुठे कुठे आहे? तिखट किती आहे? निखाऱ्यावर काय भाजतात? मासा कोणता यापेक्षा त्याच्यावर काय घातलंय यावरून वाइन जास्त ठरते. एकच मासा नुसता वाफवून लिंबाबरोबर आला तर त्याला एक वाइन शोभते, लोण्यात परतून आला तर दुसरी आणि मिरचीच्या झणझणीत सॉसमध्ये आला तर तिसरीच. मेनूवर निम्म्याहून जास्त तळण असेल आणि लिस्टमध्ये फसफसणारी एकही वाइन नसेल, तर लिस्ट करणाऱ्याने मेनू वाचलेलाच नाही, असं समजायला हरकत नाही.

लिंबाची फोड जे करते तेच

माशाबरोबर लिंबाची फोड का येते हे कळलं, की निम्मी वाइन लिस्ट आपोआप कळते. समुद्री माशांच्या शरीरात ट्रायमेथिलअमाइन ऑक्साइड नावाचा पदार्थ असतो. खाऱ्या पाण्यात पेशींचा तोल सांभाळण्यासाठी त्यांना तो लागतो. मासा मेल्यावर जिवाणू या पदार्थाचं ट्रायमेथिलअमाइन करतात, आणि ज्याला आपण मासळीचा वास म्हणतो तो बराचसा याचाच असतो. हे रसायन आम्लाच्या उलट स्वभावाचं. त्याला आम्ल भेटलं की दोघांचा क्षार बनतो, आणि क्षार हवेत उडत नाही. म्हणजे वास नुसता झाकला जात नाही, तो नाकापर्यंत पोचतच नाही. शिवाय आंबटामुळे तोंडाला पाणी सुटतं आणि जिभेवर बसलेला तेलाचा थर धुऊन निघतो, त्यामुळे पुढचा घास पहिल्या घासासारखा लागतो.

वाइनमध्येही आम्ल असतं, मुख्यतः टार्टारिक आणि मॅलिक. थंड प्रदेशातल्या किंवा जरा लवकर खुडलेल्या द्राक्षांत ते जास्त उरतं. द्राक्ष जसजसं उन्हात पिकत जातं तसतशी साखर वाढते आणि आम्ल उतरतं. साखर वाढली की तिचं आंबून अल्कोहोलही वाढतं. म्हणून मासळीच्या हॉटेलातल्या लिस्टचा कणा हलक्या, लख्ख आंबट आणि लाकडी पिंपाचा वास नसलेल्या पांढऱ्या वाइनचा हवा. तो असेल तर बाकी कितीतरी गोष्टी मी माफ करते.

लाल वाइन माशाबरोबर घेऊ नये, हे बहुतेकांनी ऐकलेलं असतं. का घेऊ नये, हे क्वचित कोणी सांगतं. मी एकदा भाजलेल्या तेलकट माशाबरोबर एक भारी, गडद लाल वाइन घेतली होती. दोन्ही वेगवेगळे उत्तम होते. एकत्र मात्र घोट गिळल्यावर जिभेवर लोखंडी किल्ली ठेवल्यासारखं वाटलं आणि त्यामागून शिळ्या मासळीचा वास आला. मासा ताजा होता, त्याच्याकडे काहीच दोष नव्हता.

या अनुभवामागचं एक कारण २००९ मध्ये जपानमधल्या मर्शियन या वाइन कंपनीच्या संशोधकांनी दाखवलं. त्यांनी स्कॅलॉप या शिंपल्याबरोबर डझनावारी लाल आणि पांढऱ्या वाइन चाखवल्या, आणि वाइनमधलं लोह जितकं जास्त तितकी मासळीची उग्र चव तोंडात मागे राहते असं त्यांना आढळलं. एका लिटरमध्ये २ मिलिग्रॅमच्या वर लोह गेलं की हा त्रास ठळक व्हायचा. लोहाला बांधून ठेवणारा पदार्थ वाइनमध्ये घातला की तो कमी व्हायचा. लाल वाइनमध्ये लोह बहुधा जास्त सापडतं, पण प्रत्येक लाल वाइनमध्ये नाही. माती, द्राक्षांवरची धूळ, वाइन बनवायची भांडी अशा अनेक गोष्टींवर ते अवलंबून असतं. म्हणजे जुना नियम अगदीच खोटा नाही आणि सरसकट खराही नाही.

दुसरी अडचण टॅनिनची. खूप वेळ उकळलेल्या चहाने जीभ आवळून येते ना, तो तुरटपणा टॅनिनचा. लाल वाइन द्राक्षाच्या सालीसकट आंबवतात, त्यामुळे टॅनिन तिच्यात उतरतं. मटणासारख्या मांसाची चरबी आणि प्रथिनं त्याला मऊ करतात. माशाच्या नाजूक मांसाला ते झेपत नाही, आणि शिंपल्यांतली जी रसाळ, खोल चव असते, जिला उमामी म्हणतात, तिच्यासमोर टॅनिन आणखी कडवट होतं. मग कॅबर्ने सोव्हिन्योंसारख्या जाड लाल वाइनच्या पाच ओळी मासळीच्या हॉटेलात दिसल्या की समजावं, हीच लिस्ट शेजारच्या कबाबाच्या हॉटेलातही लागलेली असणार.

समुद्राकाठची नावं

आता लिस्ट सुलटी करा. जगात जिथे जिथे समुद्रालगत द्राक्षं पिकतात, तिथल्या लोकांनी शेकडो वर्षं रोजच्या मासळीबरोबर आपलीच वाइन प्यायली आहे. त्या जोड्या कोणी ठरवून बसवलेल्या नाहीत, त्या जेवता जेवता बसल्या आहेत. लिस्टमध्ये अशी दोन-तीन नावं सापडली तर ती लिहिणाऱ्याला मासळी आवडते, असं खुशाल धरून चाला.

मला त्यातलं सर्वांत प्रिय नाव म्युस्कादे. फ्रान्समधली ल्वार नदी अटलांटिकला मिळते तिथे, नाँत शहराच्या आसपास, ही वाइन होते. द्राक्षाचं नाव मेलाँ द बुर्गोन्य. १७०९ च्या भयंकर हिवाळ्यात तिथल्या वेली गारठून मेल्या आणि थंडी सोसणारं हे द्राक्ष त्यांच्या जागी मोठ्या प्रमाणावर लागलं. चवीला ते स्वभावाने अबोल, फारसा सुगंध नाही. म्हणून तिथले लोक आंबवणं संपलं तरी वाइन गाळून घेत नाहीत. तळाशी बसलेल्या यीस्टच्या गाळावरच ती निदान हिवाळाभर तशीच ठेवतात. मेलेल्या यीस्टच्या पेशी हळूहळू फुटतात, वाइनला थोडं अंग येतं, भाजलेल्या पावाची पुसटशी चव येते आणि जिभेला किंचित टोचणारा वायूही तिच्यात टिकतो. बाटलीवर किंवा लिस्टवर 'सुर ली' असे शब्द असतात ते याचसाठी, त्यांचा अर्थच 'गाळावर'. लिस्टमध्ये नुसतं 'म्युस्कादे' न लिहिता 'म्युस्कादे सेव्र ए मेन, सुर ली' (सेव्र ए मेन हा त्याच प्रदेशातला एक भाग) आणि पुढे उत्पादकाचं नाव आणि वर्ष असं लिहिलेलं दिसलं, की मला त्या हॉटेलबद्दल एकदम विश्वास वाटायला लागतो. चार शब्द जास्त लिहायचे कष्ट कोणीतरी घेतलेले असतात. त्यात ही वाइन सहसा महागही नसते, म्हणजे ती भाव खाण्यासाठी ठेवलेली नाही. कालवांबरोबर, शिंपल्यांच्या रश्शाबरोबर, नुसत्या उकडलेल्या खेकड्याबरोबर हिच्यासारखी सोबत मला दुसरी माहीत नाही.

तिच्या पंगतीत बसणारी बाकीची नावं भरभर सांगते. स्पेनच्या वायव्य कोपऱ्यात, जमिनीत आत घुसलेल्या खाड्यांच्या काठावर, रियास बायशास नावाच्या भागात अल्बारिन्यो पिकते. पीचसारखा वास आणि मागे हलका खारटपणा. दक्षिण फ्रान्समधल्या 'तो' नावाच्या खाऱ्या तलावात कालवांची शेती होते आणि काठावरच्या मळ्यांत पिकपूल द पिने होते. २०१३ मध्ये तिला स्वतंत्र प्रादेशिक दर्जा मिळाला. पोर्तुगालची विन्यो व्हेर्दे कमी अल्कोहोलची, किंचित चुरचुरणारी, भर दुपारच्या जेवणाची. इटलीची व्हेर्दिक्यो आणि व्हेर्मेंतीनो. ग्रीसमधल्या सांतोरिनी या ज्वालामुखीच्या बेटावरची असिर्तिको, जिच्या वेली वाऱ्यापासून वाचवण्यासाठी जमिनीलगत टोपलीसारख्या वळवतात. तिथलं ऊन एवढं कडक असूनही या द्राक्षाचा आंबटपणा उतरत नाही, त्यामुळे निखाऱ्यावर भाजलेल्या माशाचा धुरकटपणा ती छान पेलते.

शाब्ली या फ्रान्समधल्या पांढऱ्या वाइनबद्दल थोडं थांबून बोलायला हवं, कारण हे नाव लिस्टमध्ये हमखास असतं आणि त्याच्याबरोबर एक गोष्टही हमखास सांगितली जाते. शाब्लीच्या चुनखडीच्या मातीत साधारण १५ कोटी वर्षांपूर्वीच्या समुद्रातल्या चिमुकल्या कालवांचे जीवाश्म आहेत, हे अगदी खरं. म्हणून ती वाइन कालवांबरोबर जुळते, हे मात्र खरं नाही. वेलीची मुळं कवचांची चव शोषून द्राक्षात पाठवत नाहीत. शाब्ली जुळते ती उत्तरेकडच्या थंडीमुळे टिकलेल्या आम्लामुळे आणि बहुतेक शाब्लीला नव्या लाकडाचा वास लागू देत नाहीत म्हणून. शाब्ली ज्या द्राक्षाची होते ते शार्दोनेच उष्ण प्रदेशात पिकवून नव्या ओकच्या पिंपात ठेवलं की त्याची व्हॅनिलासारखी, लोण्यासारखी वाइन होते. लोण्याची ती चव डायअसिटिल या पदार्थाची. वाइनमधल्या मॅलिक आम्लाचं जिवाणूंनी सौम्य लॅक्टिक आम्ल केलं की तो तयार होतो. अशी वाइन लोण्यात न्हालेल्या शेवंडीबरोबर सुरेख लागते आणि कच्च्या कालवाची पार वाट लावते. तेव्हा लिस्टमध्ये नुसतं 'शार्दोने' असेल तर विचारायचा एकच प्रश्न आहे: लाकडातली की बिनलाकडाची?

एक ओळ जवळून

दोन साध्या सीफूड हॉटेलांच्या लिस्ट समोर आहेत असं समजा. पहिलीत पांढऱ्या वाइनखाली लिहिलंय: 'शार्दोने. सोव्हिन्यों ब्लाँ. पिनो ग्रीजो. हाउस व्हाइट.' एवढंच. दुसरीत एक ओळ अशी: 'सोव्हिन्यों ब्लाँ, मार्लबरो, न्यूझीलंड', पुढे उत्पादकाचं नाव, पुढे वर्ष, आणि शेवटी 'ग्लासनेही मिळेल'.

पहिल्या लिस्टमधून कळतं फक्त द्राक्षाचं नाव. भाजीवाल्याने पाटीवर 'भाजी' लिहून ठेवावं तसं ते झालं. न्यूझीलंडमधल्या मार्लबरोची सोव्हिन्यों ब्लाँ पॅशनफ्रूट आणि नुकत्याच कापलेल्या गवताच्या वासाने ग्लासातून उसळते. तेच द्राक्ष फ्रान्समधल्या सांसेरला गेलं की शांत, करकरीत होतं. नाव एक, वाइन दोन. उत्पादक लिहिला नसेल तर आज एक, पुढच्या महिन्यात दुसरी, जी स्वस्त पडेल ती बाटली त्या ओळीत बसवायची सोय हॉटेलकडे राहते. सगळेच तसं करतात असं नाही, पण आपल्याला कळायला मार्ग राहत नाही.

वर्षाचं महत्त्व महागड्या वाइनपुरतं आहे असा एक समज आहे. माझ्या मते साध्या हॉटेलात ते जास्त महत्त्वाचं. हलकी पांढरी वाइन ताजेपणासाठीच प्यायची असते. विन्यो व्हेर्दे किंवा साधी पिनो ग्रीजो चार-पाच वर्षं मांडणीवर पडून राहिली असेल, तर तिचा आंबटपणा तिथेच असतो, पण फळाची चव ओसरलेली असते. लिस्टवर वर्ष लिहिणारा माणूस आपला साठा बघत असतो. चांगली शाब्ली, रीसलिंग, असिर्तिको, उत्तम सुर ली म्युस्कादे यांना हा हिशेब लागू नाही. त्या मुरतात.

बुडबुड्यांच्या वाइनमध्ये एक फसवा शब्द लक्षात ठेवा. 'ड्राय' म्हणजे कोरडी, बिनगोड; तरी 'एक्स्ट्रा ड्राय' ही 'ब्रूट'पेक्षा गोड असते. ब्रूटमध्ये लिटरला १२ ग्रॅमपर्यंत साखर चालते, एक्स्ट्रा ड्रायमध्ये १२ ते १७. तळलेल्या मासळीबरोबर ब्रूटच मागा. शँपेनच हवी असं मुळीच नाही. स्पेनची काव्हा आणि फ्रान्सच्या इतर भागांतली क्रेमाँ याही बाटलीतच दुसऱ्यांदा आंबवलेल्या असतात, यीस्टच्या गाळावर महिनोन्महिने राहिलेल्या असतात, आणि खिशाला हलक्या असतात. कालवं आणि शँपेन ही जोडी नुसत्या श्रीमंतीची नाही, हेही इथेच सांगते. कोपनहेगन विद्यापीठातल्या संशोधकांनी २०२० मध्ये दाखवलं, की शँपेनमध्ये मेलेल्या यीस्टमधून आलेलं ग्लुटामेट आणि कालवांतले न्यूक्लिओटाइड एकमेकांची उमामी चव वाढवतात. गाळावर राहिलेल्या वाइन मासळीला का मानवतात, याचा एक धागा इथे सापडतो.

आणि एक ओळ अशी आहे जी साध्या हॉटेलाच्या लिस्टमध्ये फार क्वचित दिसते: फिनो किंवा मान्सानिया. या दक्षिण स्पेनच्या शेरी, पण गोड नव्हेत, अगदी कोरड्या. पिंपात वाइनवर यीस्टची पांढरी साय धरते, ती हवेला आत येऊ देत नाही, आणि सायीखाली वाइनला बदामासारखी, खारट चव येते. अल्कोहोल साधारण १५ टक्के, म्हणून लहान ग्लासात आणि चांगली गार. तळलेल्या माकलीबरोबर ती एकदा घेऊन बघाच. ही ओळ मला दिसली तर मी बाकी लिस्ट वाचायचं थांबवते.

ग्लास, बाटली आणि मधली ओळ

बाटली ७५० मिलिलिटरची. एका ग्लासात १५० मिलिलिटर ओतले तर एका बाटलीत पाच ग्लास होतात. ग्लासाच्या दराला पाचाने गुणा आणि बाटलीच्या दराशी ताडून बघा. ग्लास थोडा महाग असणं रास्त आहे, कारण उघडलेली बाटली संपली नाही तर नुकसान हॉटेलचं. पुष्कळ ठिकाणी पहिल्या ग्लासातच अख्ख्या बाटलीची खरेदी वसूल होईल असा दर लावतात. चौथ्या ग्लासाला बाटलीची किंमत भरत असेल आणि टेबलावर चौघं असतील, तर सरळ बाटली घ्यावी.

'लिस्टमधली खालून दुसऱ्या किमतीची वाइन कधीच घेऊ नका, लोक लाजून सर्वांत स्वस्त टाळतात म्हणून तिथेच लूट असते,' असा सल्ला सगळीकडे फिरतो. दोन अर्थशास्त्रज्ञांनी लंडनमधल्या २४९ रेस्टॉरंटांच्या लिस्टमधल्या सहा हजारांहून जास्त वाइनचा हिशेब २०२१ मध्ये मांडला, आणि तो सल्ला खोटा निघाला. खरेदीवर चढवलेला टक्का लिस्टच्या मध्यावर सर्वांत जास्त होता. खालच्या टोकाला आणि वरच्या टोकाला तो कमी होता. तेव्हा स्वस्तातली वाइन मागताना ओशाळण्याचं काही कारण नाही. विशेषतः मासळीबरोबर, जिथे जुळणाऱ्या वाइन मुळातच साध्या असतात.

ग्लासने मागवताना मी एक प्रश्न कधीही सोडत नाही: बाटली कधी उघडली? फ्रिजमध्ये बूच लावून ठेवलेली हलकी पांढरी वाइन दोन-तीन दिवस बरी राहते, नंतर तिला कापलेल्या सफरचंदासारखा रंग आणि वास चढतो. एका ठिकाणी हा प्रश्न विचारल्यावर वाढणारा मुलगा काही न बोलता आत गेला आणि बाटलीच घेऊन आला. तिच्या मानेवर चिकटपट्टीचा तुकडा होता आणि त्यावर पेनाने आदल्या दिवशीची तारीख. तो म्हणाला, 'काल संध्याकाळची आहे, चाखून बघा, नाही आवडली तर दुसरी उघडतो.' त्या हॉटेलच्या लिस्टवर फक्त अकरा वाइन होत्या. मी तिथे नंतर कितीतरी वेळा गेले.

बाटली मागवली आणि चाखायला घोटभर ओतली, तर ती आवडते का यासाठी नसते, खराब नाही ना हे बघण्यासाठी असते. हुंगून बघा. ओल्या पुठ्ठ्याचा, दमट तळघराचा वास आला तर बुचातल्या टीसीए नावाच्या रसायनाचा तो दोष आहे आणि बाटली परत करणं हा तुमचा हक्क आहे. फिरकीच्या झाकणाच्या बाटल्यांत बुचाची ही कटकट नसते. मासळीच्या हॉटेलात फिरकीची झाकणं दिसली तर मला तो शहाणपणा वाटतो.

थंडाव्याचंही बघा. हलकी पांढरी वाइन ८ ते १० अंशांना चांगली लागते, पिंपात राहिलेली शार्दोने त्याहून दोन-तीन अंश वर. फ्रिजमधून थेट आलेल्या वाइनला काही वासच येत नाही, आणि नेमकी वाईट वाइन लपवायला ही युक्ती उपयोगी पडते. पाच मिनिटं ग्लास हातात धरा, मग हुंगा. उलट बाटली कोमट आली तर बर्फाच्या बादलीत पाणीही घालायला सांगा. नुसता बर्फ बाटलीला चार ठिकाणी टेकतो, पाणी तिला सगळीकडून वेढतं, आणि पंधरा-वीस मिनिटांत काम होतं.

तिखट, आणि थोडी लाल

तिखट पदार्थांशी जुळेल असं काही लिस्टमध्ये आहे का, हे फार थोडी हॉटेलं बघतात. मिरचीतलं कॅप्सेसिन तोंडातल्या ज्या संवेदकाला चेतवतं, त्यालाच अल्कोहोलही चेतवतं. म्हणून १४-१५ टक्क्यांची वाइन तिखटावर घेतली की तोंड आणखी पेटतं. इथे कमी अल्कोहोल आणि थोडी गोडी हवी. जर्मनीतल्या मोझेल नदीकाठची काबिनेट, म्हणजे हलक्या प्रकारची, रीसलिंग बऱ्याचदा ८ ते ९ टक्क्यांचीच असते, कारण तिच्यातली थोडी साखर न आंबवता तशीच ठेवलेली असते, आणि तिचा आंबटपणा त्या गोडीला चिकट होऊ देत नाही. गोडसर वाइन म्हणजे अडाणीपणा, या समजुतीपायी लोक या वाइनला मुकतात याचं मला खरोखर वाईट वाटतं. तिखट कोळंबीबरोबर ती घेतली की कोळंबीची मूळ गोड चव पुन्हा जिभेवर येते.

लाल वाइन अजिबात नकोच, असं म्हणणार नाही. ट्यूनाचा जाड तुकडा, भाजलेला सॅमन, टोमॅटोच्या रश्शात शिजलेलं ऑक्टोपस यांना हलकी लाल चालते. पिनो न्वार किंवा बोजोलेची गामे, पातळ सालीची, टॅनिन कमी, आणि १३-१४ अंशांपर्यंत थंड केलेली. लिस्टवर लाल वाइनपुढे 'थंड वाढतो' असे दोन शब्द कोणी लिहिले असतील तर त्या माणसाला भेटावंसं वाटतं. आणि काहीच ठरेना, टेबलावर एकाने कालवं, एकाने तळण, एकाने भाजलेला मासा मागवला, तर कोरडी रोझे, म्हणजे गुलाबी वाइन, घ्या. ती कुणाशीच सर्वोत्तम जुळत नाही, पण कुणाशी भांडतही नाही.

चामड्याचं वेष्टण, वाइनच्या नावाखालची तीन ओळींची विशेषणं आणि खास प्रसंगी काढायच्या दोन प्रसिद्ध बाटल्या मी पारखताना धरतच नाही. लिस्ट लांब आहे का, हेही नाही. साध्या हॉटेलात लांब लिस्ट म्हणजे कुठेतरी उन्हात, चुलीच्या वरच्या मांडणीवर पडून राहिलेल्या बाटल्या.

शेवटी मी विचारते तो प्रश्न ठरलेला आहे: 'तुम्ही स्वतः इथल्या कालवांबरोबर यातलं काय पिता?' उत्तर 'सगळंच चांगलं आहे' असं आलं तर मी सर्वांत ताजं वर्ष असलेली, सर्वांत हलकी पांढरी मागवते आणि लिंबू जास्त मागते. पण अकरा वाइनच्या त्या हॉटेलात एकदा मालकीणबाई स्वतः टेबलाशी आल्या होत्या. त्यांनी ओला हात पदराला पुसला, लिस्टमधल्या म्युस्कादेवर बोट ठेवलं आणि म्हणाल्या, 'कालवांबरोबर ही. पण तुम्ही आज तळलेली माकली मागवली आहे ना?' आणि बोट दोन ओळी खाली सरकवलं.